टाय रॉड एंड बदलताना

खड्ड्यांतून जाताना पुढून खटखट येते, स्टिअरिंग सैल वाटते? बहुधा टाय रॉडचे टोक झिजले आहे. या टोकात खोबणीत फिरणारा पोलादी गोळा असतो आणि त्यावर ग्रीस भरलेला रबरी बूट. बूट फाटला की पाणी-माती आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळा सैल पडतो.

चाक जॅकने उचला, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. सांध्यात खेळ दिसला तर भाग बदलायलाच हवा.

चेकनट सैल करा, स्प्लिट पिन आणि नट काढा. निमुळता दांडा घट्ट बसलेला असतो. तो पुलरने सोडवावा. मग जुने टोक किती फेऱ्यांत सुटते ते मोजा, नवे तेवढ्याच फेऱ्यांत बसवा. पिन मात्र नवीच घाला, आणि नट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

फेऱ्या मोजून चाकांची दिशा जेमतेम जुळते. दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांवर एक फेरी चुकली तरी टायर एका कडेने झिजू लागतो. त्यामुळे गाडी थेट अलाइनमेंटला न्या, तीही सावकाश चालवत.