दोन पांढऱ्यांचं भांडण

इंटिरियरच्या धंद्यात लाल-निळ्याचा निर्णय चहा संपायच्या आत होतो; घोडं अडतं ते ऑफव्हाइटवर. नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीतल्या एका हॉलचं काम होतं. लांबी भरून, पॉलिशपेपर मारून, प्रायमरचा हात देऊन भिंती तयार होत्या आणि नवरा-बायको शेडकार्डावरच्या दोन चौकोनांवर अडून बसले होते. बाईंच्या शेडमध्ये राखाडी झाक, साहेबांच्या शेडमध्ये पिवळसर. पेंटर म्हणाला, ‘दोन्ही पांढरेच की हो!’

तसं त्याचं चूक नव्हतं. दुकानातल्या टिंटिंग मशीनखाली दोघांचा बेस एकच, टायटॅनियम डायऑक्साइडने पांढरा झालेला. एकात पिवळ्या ऑक्साइडचे थेंब जास्त, दुसऱ्यात काळ्याचे. पण एवढासा फरक चारही भिंतींवर चढला की भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि झाक वाढते.

अशा वेळी गिऱ्हाईक भिंतीवर दोन पट्टे शेजारी-शेजारी मारायला सांगतं. मी मारू देत नाही. जोडीने बघितलं की पिवळा जास्तच पिवळा वाटतो, राखाडी उगाच मळका. आम्ही दोन मोठ्या कार्डशीटवर दोन-दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले (इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, तेव्हा ‘हाच!’ म्हणणारे फसतात) आणि एकेक शीट हॉलभर फिरवली. तुर्भ्याला एशियन पेंट्सचं संशोधन केंद्र आहे. रंगांच्या प्रयोगशाळेत शेड निरनिराळ्या दिव्यांखाली तपासतात. आमची प्रयोगशाळा हा हॉलच.

दुपारपर्यंत बाईंची सरशी होती. मग समोरच्या विटकरी इमारतीवर आपटलेलं ऊन खिडकीतून आत शिरलं आणि राखाडी शीट चक्क गुलाबी! संध्याकाळी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लावली, तर तीच शीट निळसर. ‘दवाखाना,’ साहेब खुशीत म्हणाले. मी गुपचूप त्यांनीच आणलेला ३००० केल्विनचा एलईडी लावला. त्यांचा लाडका रंग लोण्यासारखा पिवळा झाला. आता बाई हसल्या.

तह झाला: रंग साहेबांचा, दिवे बाईंचे, ४००० केल्विनचे. दुकानातून आलेल्या सगळ्या बादल्या आधी पिंपात एकत्र कालवल्या, नाहीतर एका भिंतीवरच दोन शेड दिसायच्या. नमुन्याचे उरलेले दोन्ही डबे पेंटरने एकमेकांत ओतून माळ्याच्या आत मारून टाकले. तिथला रंग कोणता, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.