हळदीचा धडा : परदेशी विद्यापीठे आणि आपली वही

व्रणावर हळद लावणे हा आपल्या घरोघरचा परिपाठ. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीच्या व्रणरोपण उपयोगाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. प्राचीन ग्रंथांतील उल्लेखांबरोबरच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा लेख पुराव्यादाखल सादर झाला आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

ज्ञान सर्वश्रुत होते. परीक्षकास वाचता येईल अशी नोंद मात्र त्याच्यासमोर नव्हती. ती उणीव दूर करण्यासाठी २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाच्या कार्यास प्रारंभ झाला. ग्रंथोक्त योगांस त्याचे कवच लाभले. वैद्याच्या वहीतील अनुभूत योगास ते नाही.

म्हणून परदेशी विद्यापीठाचे सहकार्य नाकारावे काय? मुळीच नाही. आपल्या औषधांच्या कठोर परीक्षणासाठी ते हवेच आहे. परंतु २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी संस्थेस येथील वनस्पतीचा नमुना संशोधनार्थ घेण्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. शासनमान्य सहकार्य-प्रकल्पांस तेवढी सूट आहे. ही विचारणा प्रथम करावी.

अनुभूत योग एकतर रीतसर प्रसिद्ध करावा, अथवा गोपनीयतेचा लेखी करार झाल्यावरच दाखवावा. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक नमुन्याची तारीखवार नोंद ठेवावी. हळदीच्या वेळी एक जुना लेख उपयोगी पडला. आपल्या योगासाठी तसा कागद आपणच लिहावयास हवा.