‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती पाऊस?

पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या शिक्षकांच्या एका शिबिरात हवामानाच्या अंदाजाविषयी बोलण्यासाठी आम्हाला बोलावले होते. सुरुवातीलाच आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘येत्या २४ तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस पडण्याची शक्यता.’ या वाक्याचा अर्थ प्रत्येकाने एका ओळीत लिहून द्यावा, असे सांगितले.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा त्यांत नाना अर्थ निघाले. ‘थोडासा पाऊस पडेल’, ‘थांबून थांबून पडेल’, ‘पडला तर पडेल’, ‘जिल्हाभर धो धो पडेल’. वाक्यात जे म्हटले होते, ते फारच थोड्या चिठ्ठ्यांत उतरले होते. नंतर एक बाई उठून म्हणाल्या, “सर, तुमचं वाक्य कळलं तरी माझा प्रश्न सुटत नाही. दुपारी आभाळ भरून आलं की मुलांना घरी सोडायचं की थांबवून ठेवायचं, हे मला ठरवायचं असतं. त्याबद्दल तुमच्या वाक्यात काहीच नाही.”

आम्ही हवामानाचा अभ्यास करणारी माणसे अंदाज अचूक यावा म्हणून आयुष्य वेचतो. अंदाज बरोबर आला की आपले काम संपले, असे आम्हाला वाटत असते. त्या दिवशी लक्षात आले, की काम तिथे अर्धेच होते.

शब्दांची मापे

प्रथम ते वाक्य उलगडू. हवामानखात्याच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो मुसळधार. ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला, तर अतिमुसळधार. त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक’ हा शब्द मात्र पावसाचे प्रमाण सांगत नाही, जागा सांगतो. ज्या भागासाठी अंदाज आहे, तेथील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर तसा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ.

घोटाळा इथेच होतो. बोलण्यातल्या मराठीत ‘तुरळक’ म्हणजे विरळ, थोडे. ‘तुरळक पाऊस’ असे ऐकले की माणूस निर्धास्त होतो. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ याचा अर्थ मात्र असा, की थोड्याच गावांवर आभाळ कोसळेल, पण ज्यांच्यावर कोसळेल त्यांची धडगत नाही. ‘अतिवृष्टी’चेही असेच. नुकसानीचे पंचनामे करताना महसूल खाते महसुली मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरते. वृत्तपत्रे तोच शब्द कोणत्याही मोठ्या पावसाला वापरतात.

एक शहर, दोन पाऊस

२६ जुलै २००५ या दिवसाने ‘तुरळक’ शब्दाचा अर्थ मुंबईकरांना कायमचा शिकवला. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तिथून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला त्याच काळात पडला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस होता, तर दुसरीकडे प्रलय.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना असे सांगता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. शाळेचे मैदान ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असेल, तर २६ जुलैच्या पावसाने त्यावर सुमारे १८ लाख ८८ हजार लिटर पाणी ओतले असते. दहा हजार लिटरचे जवळजवळ १८९ टँकर!

त्या दिवशी सकाळी शाळा आणि कचेऱ्या नेहमीप्रमाणे भरल्या होत्या. बहुतेक पाऊस दुपारनंतर काही तासांतच कोसळला. कित्येक मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. महाराष्ट्रातल्या त्या पुरांत शेकडो माणसे दगावली. शिबिरातल्या बाईंचा प्रश्न त्या दुपारी अनेक मुख्याध्यापकांसमोर उभा होता आणि उत्तर द्यायला हाताशी मिनिटेच होती.

नेमके का सांगता येत नाही?

एवढ्या पावसाचे भाकीत आदल्या दिवशी करता आले नव्हते. पुढे मुंबईत डॉप्लर रडार आले, पर्जन्यमापकांची संख्या वाढली, संगणक कैक पटींनी वेगवान झाले. तरीही ‘उद्या दुपारी तीन वाजता तुमच्याच गावात’ असे आम्ही का सांगू शकत नाही?

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण आकाराचे. संगणक वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून गणित करतो. भारतात २०२५ साली वापरात आलेल्या नव्या प्रारूपात हा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, पूर्वी तो बारा किलोमीटरचा होता. गडगडाटी पावसाचा एखादा ढग मात्र काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तास-दीड तासात विरून जातो. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, तसाच हा ढग निसटू शकतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की सुरुवातीच्या स्थितीतला अगदी क्षुल्लक फरक पुढे वाढत जाऊन सर्वस्वी वेगळे चित्र निर्माण करू शकतो. आजचे तापमान, वारा आणि बाष्प आपण कितीही काळजीपूर्वक मोजले, तरी मापनात थोडी चूक राहतेच. म्हणून आता एकच गणित न करता सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून तेच गणित अनेकदा करतात. समजा, २० गणितांपैकी १२ गणितांत मोठा पाऊस दिसला, तर शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास धरता येते. अंदाजातला ‘शक्यता’ हा शब्द जबाबदारी झटकण्यासाठी घातलेला नसतो. गणितातून जे निघाले, ते प्रामाणिकपणे सांगण्याचा तो मार्ग आहे.

हुकलेला इशारा आणि फुकट गेलेला इशारा

‘इशारा दिला, शाळेला सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन पडले!’ ही तक्रार दर पावसाळ्यात कानी येते. तिच्याकडे गणिताच्या अंगाने पाहू.

समजा, एका पावसाळ्यात जिल्ह्यात दहा दिवस अतिमुसळधार पाऊस झाला. आम्ही पंधरा दिवस इशारा दिला. त्यांपैकी आठ दिवशी तो खरा ठरला, सात दिवशी फुकट गेला आणि दोन दिवस पाऊस आम्हाला हुलकावणी देऊन आला. लोक सात फुकट इशाऱ्यांवरून आम्हाला बोल लावतील. ती टीका टाळायची म्हणून पुढच्या वर्षी आम्ही पक्की खात्री असल्याखेरीज तोंडच उघडले नाही. पाच दिवस इशारा दिला आणि पाचही खरे ठरले. फुकट इशारे शून्य झाले. पण हुकलेले दिवस दोनावरून पाचांवर गेले. यांतला कोणता पावसाळा तुम्ही पत्कराल?

शिवाय एक गोष्ट विसरून चालणार नाही. ‘तुरळक ठिकाणी’ असा इशारा अगदी तंतोतंत खरा ठरला, तरी निदान पाऊण जिल्ह्यात तसा पाऊस पडणारच नसतो. त्या पाऊण जिल्ह्याला वाटते, की अंदाज चुकला. आपल्या अंगणात ऊन पडले म्हणून इशारा खोटा ठरत नाही.

जुना अनुभवही आता पुरत नाही. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ‘आमच्या उभ्या जन्मात इथवर पाणी आले नाही’ हा युक्तिवाद दिवसेंदिवस लंगडा होत चालला आहे.

ओडिशाचा धडा

इशारा माणसांपर्यंत पोहोचला की काय होते, हे ओडिशाने दाखवून दिले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे अतितीव्र चक्रीवादळ गोपाळपूरजवळ आले. या वेळी बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत अंदाज निश्चितच सुधारले होते. पण त्याबरोबर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाले, कोणी कोणाला हलवायचे हे आधी ठरले. त्यामुळे सुमारे दहा लाख लोकांना वेळेत सुरक्षित जागी नेता आले. वादळ येणार हे कळणे आणि त्यासाठी काय करायचे हे ठरलेले असणे, या दोन्ही गोष्टी तिथे जुळून आल्या.

शाळेसाठी उत्तर

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. हवामानखाते इशाऱ्यांसाठी चार रंग वापरते. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती होईल एवढेच पाहत नाहीत. त्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान किती होईल, हेही पाहतात. याशिवाय पुढच्या सुमारे तीन तासांसाठी तातडीचा इशारा दिला जातो. दुपारच्या निर्णयाला तो सर्वांत उपयोगी.

तरीही ‘मुलांना सोडा’ किंवा ‘थांबवा’ हे पुण्या-मुंबईत बसून कोणी सांगू शकणार नाही. कोणत्या वाटेवर ओढा आहे, कोणता पूल आधी बुडतो, कोणाचे घर पलीकडे आहे, हे शिक्षकांनाच ठाऊक असते. म्हणून जूनमध्येच एका कागदावर लिहून ठेवावे : नारिंगी रंग असेल तर ओढ्यापलीकडच्या मुलांना केव्हा सोडायचे, रस्त्यावर पाणी आले किंवा विजा कडाडू लागल्या तर मुलांना कोणत्या खोलीत थांबवायचे, पालकांना कोणी कळवायचे. तो कागद पालकांच्या सभेत वाचून दाखवावा. ऐन पावसात विचार करायला वेळ नसतो, ठरलेले पाळायला मात्र असतो.

आणि एक प्रयोग अवश्य करावा. सपाट बुडाचे, सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला मुलांनी त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी आणि मिलिमीटरमध्ये लिहावी. आसपासच्या चार-पाच शाळांनी हेच करून महिनाअखेरीस वह्या शेजारी शेजारी मांडाव्यात. एकाच दिवशी एका गावात ८० आणि तीन कोसांवरच्या गावात ५ असे आकडे मुलांना स्वतःच्या अक्षरात दिसतील. त्यानंतर ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द ऐकून ती निर्धास्त होणार नाहीत.