आय-मोड

आय-मोड ही जपानमधील एनटीटी डोकोमो या दूरसंचार कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी सुरू केलेली भ्रमणध्वनीवरील आंतरजाल सेवा होय. ई-मेल, बातम्या, बँकेचे व्यवहार, तिकिटांची आगाऊ नोंदणी आणि करमणूक या सोयी तिने साध्या मोबाइल फोनवर उपलब्ध करून दिल्या. व्यापारीदृष्ट्या मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली ही जगातील पहिली मोबाइल आंतरजाल सेवा मानली जाते. या यशात तंत्रज्ञानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वाटा तिच्या शुल्कपद्धतीचा होता.

उभारणी

केइइची एनोकी यांच्या नेतृत्वाखालील गटाने ही सेवा उभी केली. नोकरीविषयक नियतकालिकाच्या संपादिका असलेल्या मारी मात्सुनागा आणि आंतरजाल व्यवसायाचा अनुभव असलेले ताकेशी नात्सुनो हे या गटातील प्रमुख सदस्य होते. दोघेही दूरसंचार क्षेत्राबाहेरून आले होते. त्यामुळे यंत्रणेच्या क्षमतेपेक्षा ग्राहकाला रोज काय उपयोगी पडेल, याला योजनेत अग्रस्थान मिळाले. बँकांसह ६७ माहिती पुरवठादार आरंभीच सेवेत सामील झाले. फुजित्सू कंपनीचा एफ५०१आय हा या सेवेचा पहिला फोनसंच होता.

तंत्र

सेवेचा आरंभीचा वेग सेकंदाला केवळ ९,६०० बिट इतका होता. मात्र माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून पाठवली जात असल्यामुळे प्रत्येक वेळी वेगळी जोडणी लावावी लागत नसे. पृष्ठे कॉम्पॅक्ट एचटीएमएल या भाषेत लिहिली जात. नेहमीच्या एचटीएमएलमधील तक्ते, चौकटी यांसारखे छोट्या पडद्याला न पेलणारे भाग वगळून ही भाषा तयार केली होती. त्यामुळे संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना नवीन भाषा शिकावी लागली नाही.

याच काळात युरोपात वॅप ही पद्धत पुढे आली. एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी १९९७ मध्ये त्यासाठी वॅप फोरमची स्थापना केली होती. वॅपची पृष्ठे डब्ल्यूएमएल या स्वतंत्र भाषेत लिहावी लागत. आरंभी जोडणी साध्या कॉलप्रमाणे लावावी लागे आणि आकारणी मिनिटांवर होई. पृष्ठ उघडण्याची वाट पाहण्याचेही पैसे पडत असल्यामुळे अनेक ग्राहकांची निराशा झाली.

शुल्क आणि उत्पन्नाची वाटणी

आय-मोडचे मूळ शुल्क महिना ३०० येन होते. त्याखेरीज १२८ बाइटच्या प्रत्येक पॅकेटला ०.३ येन आकारले जाई. जपानी लिपीतील २५० अक्षरांच्या संदेशाचे सुमारे ५०० बाइट होतात. केवळ मजकुराचा हिशेब केल्यास ही ४ पॅकेटे, म्हणजे १.२ येन. वेळेऐवजी माहितीच्या प्रमाणावर आकारणी असल्यामुळे एखादे पृष्ठ कितीही वेळ वाचत बसले तरी खर्च वाढत नसे.

अधिकृत यादीतील संकेतस्थळांना ग्राहकाकडून मासिक वर्गणी घेता येई. आरंभी तिची मर्यादा ३०० येन होती. ही रक्कम डोकोमो दूरध्वनीच्या बिलातच वसूल करी आणि ९ टक्के कमिशन कापून उरलेली पुरवठादाराला देई. म्हणजे ३०० येनांपैकी २७३ येन पुरवठादाराच्या हाती पडत. एरवी इतक्या लहान रकमा वसूल करण्याचा खर्चच जड झाला असता. यादीत स्थान नसलेली संकेतस्थळेही पत्ता टंकून उघडता येत. मात्र त्यांना बिलाद्वारे वसुलीची सोय मिळत नसे. त्यामुळे कोणाला यादीत घ्यायचे, हा निर्णय डोकोमोच्या हाती राहिला.

प्रसार आणि उपयोग

ऑगस्ट १९९९ मध्ये सेवेचे १० लाख आणि ऑगस्ट २००० मध्ये १ कोटी ग्राहक झाले. २००१ च्या अखेरीस ही संख्या सुमारे ३ कोटींवर गेली. खात्यातील शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे, रेल्वेचे वेळापत्रक आणि हवामान पाहणे हे नेहमीचे उपयोग होते; तथापि रिंगटोन, चित्रे आणि खेळ यांनाही मोठी मागणी होती. शिगेताका कुरिता यांनी या सेवेसाठी १२ × १२ बिंदूंच्या चौकटीत १७६ चित्राक्षरे रेखाटली. आजच्या इमोजींच्या पूर्वसुरींत त्यांची गणना होते. २००१ मध्ये जावावर आधारित प्रोग्रॅम फोनवर उतरवण्याची सोय झाली, तर २००४ मध्ये फोनसंच यंत्रासमोर धरून दुकानात पैसे देता येऊ लागले.

जपानबाहेर आणि अस्त

२००२ पासून जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स आदी देशांत ही सेवा सुरू झाली, परंतु जपानसारखा प्रतिसाद मिळाला नाही. जपानमध्ये फोनसंचाची रचना, जाळे आणि वसुली यांचा मेळ एकच कंपनी घालत होती. अन्यत्र तशी स्थिती नव्हती.

स्मार्टफोनवर पूर्ण आंतरजाल उपलब्ध झाल्यावर आय-मोडची गरज ओसरली. जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर सुरू केले. निवडक यादी, एकत्रित वसुली आणि मध्यस्थाचे कमिशन ही चौकट तेथेही दिसते. मात्र कमिशन ९ ऐवजी ३० टक्के होते. डोकोमोने सप्टेंबर २०१९ अखेर आय-मोडची नवी नोंदणी थांबवली आणि ३१ मार्च २०२६ ही सेवासमाप्तीची तारीख जाहीर केली.