मार्करपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

एम.एस. झाल्यावर प्लास्टिक सर्जरीचं तीन वर्षांचं शिक्षण असतं. त्याच्या मधल्या वर्षात मी अंधेरीतल्या एका रुग्णालयात शिकते आहे. भाजलेले, अपघातात सापडलेले, हात चिरडलेले पेशंट रोजचेच. आठवड्यातला एक दिवस मात्र कॉस्मेटिक केसेसचा. त्या दिवसाचा हा दिनक्रम.

पहाटे 5.45, घाटकोपर

वर्सोव्याची मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली आणि घाटकोपर-अंधेरी अंतर वीसेक मिनिटांवर आलं. तेवढ्या वेळात आजच्या ऑपरेशनच्या पायऱ्यांची मनात एकदा उजळणी होते. आज दोन केसेस आहेत. एक पोटाची, ॲबडॉमिनोप्लास्टी. दुसरी एका तरुणाच्या छातीची.

6.30, वॉर्ड

आधी कालच्या पेशंटची ड्रेसिंग, मग आजच्या दोघांची तपासणी: हिमोग्लोबिन, रक्तदाब, रात्रीपासून उपाशी आहेत ना. तंबाखूचा प्रश्न मी दोनदा विचारते. ‘सिगारेट ओढता का’ याला बायकांचं उत्तर ठरलेलं असतं, नाही. म्हणून पुढे विचारायचं, ‘मिश्री लावता का?’ मिश्रीला तंबाखू मानणारे थोडे. पण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेल्या कातडीची कड काळी पडू शकते. आजच्या ताईंनी दीड महिन्यापूर्वीच मिश्री सोडली आहे. तारीख तेव्हाच पुढे ढकलली होती, ती त्यासाठीच.

7.15, मार्किंग

माझ्या मते दिवसातलं सर्वात मोलाचं काम हेच. पेशंटला उभं करून जांभळ्या मार्करने रेषा आखायच्या. आडवं झाल्यावर पोट पसरतं, कातडी बाजूला सरकते. घडी खरी कुठे पडते ते उभ्या माणसावरच दिसतं. आधी समोरून, तिरके आणि बाजूने फोटो. मग छातीच्या मधोमध सरळ खाली एक रेषा. मग जुन्या सिझेरियनच्या व्रणाखालून दोन्ही कमरांपर्यंत जाणारी.

ताई बोरिवलीच्या, दोन मुलांच्या आई. पोटाचे मधले स्नायू बाळंतपणात फाकले ते पुन्हा जवळ आलेच नाहीत. त्या म्हणतात, ‘डॉक्टर, व्रण साडीच्या वर नको हं दिसायला.’ ऑपरेशन करणारे आमचे सर त्यांना नेहमी जिथे निऱ्या खोचतात ती जागा बोटाने दाखवायला सांगतात आणि रेषा दोन बोटं खाली घेतात. ‘व्यायाम कर की, ऑपरेशन कशाला,’ असं घरच्यांनी त्यांना पुष्कळदा ऐकवलं आहे. व्यायामाने स्नायू बळकट होतात. ताणून सैल झालेली कातडी मात्र आवळत नाही.

8.30, ओटी (ऑपरेशन थिएटर)

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेली सुरक्षिततेची यादी आम्ही मोठ्याने वाचतो. नाव, ऑपरेशन, ॲलर्जी, ॲन्टिबायोटिक दिलं का. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्या दाबणारे पट्टे चढतात. इथे सगळे थांबतात, सरही. अपेंडिक्स फुटलेला माणूस टेबलावर येतो तेव्हा ऑपरेशन न करण्याचा धोका मोठा असतो. आज टेबलावर असलेली बाई काल संध्याकाळी घरी स्वयंपाक करत होती. तिला कसलाही आजार नाही. म्हणून इथे धोक्याला सबब नाही.

9.00 ते 12.45

असिस्टंटचं काम म्हणजे सर्जनला दिसत राहील असं बघणं. मी रिट्रॅक्टर धरते, रक्त टिपते, कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत उचलला जाताना त्यावर बेताचा ताण ठेवते. ताण जास्त झाला तर कड दुखावते, कमी झाला तर जाळत कापणाऱ्या कॉटरीला वाट सापडत नाही. बेंबी देठासकट जागेवरच राहते, तिच्याभोवतीचं पोट वर उठतं. मग फाकलेले स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणायचे. पोट आतून आवळलं की श्वासाचा दाब वाढतो, म्हणून भूलतज्ज्ञ मॅडम प्रत्येक ओळीनंतर आकडा सांगतात.

टेबल कमरेत वाकवतात, वरची कातडी खाली ओढली जाते आणि जास्तीची कापली जाते. बेंबीला नवं दार मिळतं. डावी बाजू शिवायची जबाबदारी माझी. आधी खोल थर, मग कातडीखाली आतून धावणारा टाका. बाहेर काही दिसत नाही. दिसणार आहे ते वर्षभराने, व्रण पिकल्यावर.

1.15, डबा

सिस्टर आणि ओटीचे मामा यांच्याबरोबर पंधरा मिनिटं.

2.00, दुसरी केस

मुलुंडचा मुलगा, वय 22. छातीवर स्तनांसारखा उंचवटा, गायनेकोमास्टिया. वयात येताना पुष्कळ मुलांना तो होतो आणि बहुतेकांचा आपोआप ओसरतो, याचा राहिला. औषधं, हार्मोन, अंडकोष, सगळं तपासून झालं आहे. त्याने मला सांगितलं होतं, ‘दहावीपासून मी शर्ट काढून पाण्यात उतरलो नाही.’ हे ऐकल्यावर ‘हे काही गरजेचं ऑपरेशन नव्हे’ असं मी कुणाला म्हणू शकत नाही.

चरबी नळीने खेचण्याचं तंत्र पॅरिसच्या इव-जेरार इलूझ यांनी 1970 च्या दशकात रुळवलं. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी सलाइनमध्ये थोडं लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिन मिसळून ते आधी चरबीत भरायची पद्धत दिली आणि रक्तस्राव खूपच घटला. ते द्रावण बनवणं माझं काम: औषधाचा डोस वजनावर काढायचा, फळ्यावर लिहायचा, सिस्टरकडून ताडून घ्यायचा. चरबी निघाल्यावर स्तनाग्राच्या खालच्या कडेने गाठ काढतात. थोडी चकती मुद्दाम ठेवायची, नाहीतर तिथे खळगा पडतो. किती काढायचं याइतकंच किती ठेवायचं हे शिकावं लागतं.

4.30, ओपीडी

कॉलेजातली मुलगी फोनमधला फोटो दाखवते. तिचाच चेहरा, पण फिल्टर लावलेला. ‘असं नाक हवंय.’ सर तिला भिंतीपाशी उभी करतात आणि पाच फुटांवरून फोटो काढायला मला सांगतात. फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं, असं 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर ती गप्प होते. सर विचारतात, श्वास घ्यायला त्रास आहे का, आरशात दिवसातून किती वेळ जातो, हे कुणी म्हणालं म्हणून आलात का. शेवटी ते नाही म्हणतात आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायची चिठ्ठी, तिच्या आईशी बोलून, देतात. नकाराला पूर्ण अर्धा तास दिला गेला.

6.15, कॅज्युअल्टी

जोगेश्वरीहून सहा वर्षांचा मुलगा, गालाला कुत्रा चावलेला. जखम भरपूर धुणं, रेबीजची लस, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, आणि चेहरा आहे म्हणून मोजके सैल टाके. सकाळी पोटावर चालवलेला हात इथे केसाएवढ्या धाग्याने चालतो. कॉस्मेटिक वेगळं आणि ‘खरी’ सर्जरी वेगळी असं मानणाऱ्यांनी ही संध्याकाळ बघावी.

8.00, राऊंड

ताई गुडघ्याखाली उशी घेऊन वाकून पडल्या आहेत. ड्रेनमध्ये किती आणि कशा रंगाचं आलं ते लिहिते, पोटऱ्या दाबून बघते, आधाराने चार पावलं चालवते. ‘सरळ उभं राहायचं नाही बरं का अजून,’ हे नवऱ्यालाही सांगते. मुलुंडच्या मुलाचा घट्ट जॅकेटसारखा गार्मेंट तपासते. तो काही आठवडे राहणार.

9.45, परतीची मेट्रो आणि घर

उद्याच्या सेमिनारला नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास माझ्याकडे आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीगत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते पुन्हा घडवलं. आधी मेणाचं नाक, मग ते पसरून कपाळावर आखणी, मग त्या आखणीबरहुकूम कातडी वळवून खाली आणणं. तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं. आपल्याच मुंबईत डॉ. नोशिर अंतिया यांनी जे.जे.मध्ये कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात सुधारण्यात उमेदीची वर्षं घातली.

या दोन्ही गोष्टी मी उद्या ज्युनियरांना सांगणार आहे, कारण कावसजीला नाकाशिवाय जगता आलं असतं आणि कुष्ठरुग्णांपैकी पुष्कळ आधीच रोगमुक्त झालेले असत. तरी त्यांना लोकांत तोंड दाखवता यावं म्हणून कुणीतरी कष्ट घेतले. आमच्या टेबलावर येणाऱ्या माणसाचं मागणंही पुष्कळदा तेवढंच असतं. ते ऐकून घ्यायचं, पेलणारं असेल तेच करायचं आणि निरोगी आलेला माणूस निरोगीच घरी पाठवायचा. मला शिकायचं आहे ते हेच.