दोन तलवारी घेतल्या की मार दुप्पट?

डोंबिवलीत आमच्या घरी रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो. नवा भिडू आला की त्याचं पात्र ठरलेलं असतं: दोन्ही हातांत तलवारी, पन्हाळ्यावरच्या बाजीप्रभूंच्या पुतळ्यासारख्या. दिसतं झकास. घोळ होतो तो स्किल निवडताना, कारण ‘जेवढे फटके जास्त तेवढा मार जास्त’ हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

आकडेच बघू. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत ग्रेटसोर्डचं डॅमेज सरासरी ७, शॉर्टसोर्डचं ३.५. त्यावर अंगच्या ताकदीचे किंवा चपळाईचे ४ धरा. पाचव्या लेव्हलच्या फायटरला दोन फटके मिळतात. सगळे लागले तर ग्रेटसोर्डचे २२ होतात. दोन शॉर्टसोर्डवाल्याला बोनस ॲक्शनमधून डाव्या हाताचा तिसरा फटका मिळतो आणि बेरीज होते २२.५. तीही ‘टू-वेपन फायटिंग’ शैली घेतली असेल तरच. नसेल तर डाव्या हाताला ते ४ मिळत नाहीत, बेरीज १८.५वर घसरते. अकराव्या लेव्हलला, ५ची भर धरून, ३६ विरुद्ध ३४! ‘बाल्डर्स गेट ३’चा सांगाडाही हाच आहे.

जास्त फटक्यांचा फायदा होतो तो दर फटक्याला काहीतरी जोडलं जात असेल तेव्हा. रेंजरचा ‘हंटर्स मार्क’ लागलेल्या प्रत्येक फटक्याला सरासरी ३.५ वाढवतो, म्हणजे तीन फटक्यांना १०.५. पण तो लावायलाही बोनस ॲक्शनच लागते, त्यामुळे त्या टर्नला डावा हात रिकामाच. शत्रू मेला की मार्क दुसऱ्यावर हलवायला पुन्हा तेच. आमच्या एका रेंजरने अख्खी लढाई गॉब्लिनांवर मार्क हलवण्यात घालवली. एका धिप्पाड राक्षसासमोर हेच स्किल सोनं ठरलं असतं.

उलटा प्रकारही असतो. काही गेममध्ये चिलखत दर फटक्यातून ठरावीक आकडा कापतं. १० कापले जात असतील तर १००च्या एका घावाचे ९० उरतात, २०च्या पाच घावांचे फक्त ५०. रिक्षा तीनदा बदलली की तीनदा मीटर पडतं, तसंच हे.

‘जास्त फटके म्हणजे जास्त क्रिटिकल’ हे अर्धसत्य. पाच टक्के शक्यतेने चार फटक्यांत निदान एक क्रिटिकल पडण्याची शक्यता साडेअठरा टक्के होते खरी, पण दर वेळी दुप्पट होतो तो शॉर्टसोर्डचा एकच फासा.

आणि बचावाचं काय? ‘स्कायरिम’मध्ये दोन्ही हातांत शस्त्रं धरलीत की वार अडवताच येत नाही. तेव्हा स्किल घेण्यापूर्वी त्याच्या वर्णनात ‘दर फटक्याला’ लिहिलंय की ‘दर टर्नला’, एवढं नक्की वाचा.