सिनेमाचे एम. ए.

गेल्या वर्षीची, जून महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मंचरच्या घरी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. इतक्यात नारायणगावचे एक ओळखीचे शेतकरी दारात येऊन उभे राहिले. मागे त्यांची मुलगी. तीन वर्षे ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. टोमॅटोची पिशवी आमच्या सौभाग्यवतींच्या हवाली करून गृहस्थ म्हणाले, "सर, हिला जरा समजावा. सिनेमाचं एम. ए. करायचं म्हणते!"

मला हसू आले, हे आधीच कबूल करतो. सिनेमा पाहावा, आवडला तर दोनदा पाहावा. पण त्याची पदवी? मग मनात आले, आपण तरी काय केले? कथा-कादंबऱ्या वाचूनच एम. ए. झालो आणि त्यावरच संसार चालला आहे.

"आप्पा, तिथं नटी व्हायला शिकवत नाहीत," मुलगी म्हणाली. तिचे खरेच होते. चित्रपट काढायला शिकवणारी संस्था पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात 1960 पासून आहे. विद्यापीठातला अभ्यास निराळा. चित्रपट पाहायचा, थांबवून पुन्हा पाहायचा आणि त्यावर वाचून, विचार करून लिहायचे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने तर 1993 मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभागच काढला.

"कोलकाता?" आप्पा दचकले.

मग मी जवळचे उदाहरण काढले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आधी पुणे विद्यापीठातून मराठीचे एम. ए. (हे सांगताना माझी मान थोडी ताठ झाली असावी), नंतर अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यास. त्या शिक्षणातूनच 'पिस्तुल्या' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 2013 चा 'फँड्री'.

"सैराटवाले ना?" आप्पांचा चेहरा थोडा सैल झाला.

मुलीने संधी साधली. 'फँड्री'मध्ये पकडलेले डुक्कर काठीला टांगून घरची माणसे नेत असतात आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे दिसतात. कोणी काही बोलत नाही. "सर, तुम्ही कवितेची एक ओळ तासभर उलगडून दाखवता, तसंच हे." यावर मी काय बोलणार?

"पण नोकरीचं काय?" आप्पांनी नेमके विचारले. खोटे बोलवेना. प्राध्यापकांच्या जागा मोजक्या, बाकी सगळे ज्याच्या त्याच्या हिमतीवर. फी, खोलीचे भाडे, खानावळ हा खर्च मात्र ठरलेला आणि टोमॅटोचा भाव तर सकाळी एक, संध्याकाळी एक. आप्पा बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा आम्ही पडद्याच्या मागं बसून बघायचो. अक्षरं सगळी उलटी दिसायची." एवढे बोलून ते उठले.

मुलगी गेली. प्रबंधाला विषय मात्र तिने घरचाच निवडला. नारायणगाव म्हणजे विठाबाईंचे गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'पासून 2010 च्या 'नटरंग'पर्यंत पडद्यावर फड पुष्कळ आले. पण वही उघडून तारखा लावणारा व्यवस्थापक आणि पैशाची ती घासाघीस त्यांत कितीशी दिसते, हे तिला तपासायचे आहे.

यंदाच्या पाडव्याला ती वही घेऊन घरी आली. राहुट्यांत पोरीने एकटीने कसे हिंडायचे? म्हणून आप्पा बरोबर गेले. गावच्या जत्रेचे पंच म्हणून वीस वर्षे तिथे सुपारी देत आलेला माणूस तो. पुढच्या आठवड्यात बाजारात भेटले तेव्हा तक्रार करीत होते.

"कोणत्या साली किती सुपारी दिली, सगळं विचारते हो, सर. मी सांगितलं सगळं. फक्त आम्ही पाडून किती मागितली, तेवढं नाही सांगितलं."